पोरगी म्हणते, बँकॉकला जाते

हातातलं काम थांबवू नका, कान तेवढे इकडे द्या.

गटाच्या मागच्या बैठकीत एका ताईंनी विषय काढला. त्यांची मुलगी पुण्यात नोकरीला आहे. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी चार दिवस बँकॉकला जायचं म्हणतायत. पैसे मुलीचे, साठवलेले. ताईंनी एवढं सांगितलं आणि दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. आपल्याकडे बँकॉकचं नाव निघालं की पुरुष एकमेकांकडे बघून हसतात. ते का हसतात हे आपल्याला कळतं. ताईंचा प्रश्न साधा होता, पाठवू का नको? मी दोन वर्षांपूर्वी भाचीबरोबर तिथं जाऊन आले, म्हणून आज त्याच गावाबद्दल बोलते.

आधी त्या हसण्याचं बोलून टाकू. तसल्या गल्ल्या बँकॉकमध्ये आहेत. पण त्या ठरावीक आहेत, आणि तिकडं न जाता चार दिवस कुठं संपतात ते कळत नाही. त्या गल्ल्यांत काम करणाऱ्या पुष्कळ मुली देशाच्या ईशान्येकडून, ईसान नावाच्या भागातून येतात. ईसान म्हणजे कोरडवाहू शेती, पावसाचा भरवसा नाही, डोक्यावर कर्ज. घरी पैसे पाठवायचे म्हणून त्या शहरात येतात. आपल्याकडं बाँब्याबोंब करून हसणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

बाकीचं बँकॉक म्हणजे भल्या पहाटे उठून कामाला लागणारं भलंमोठं शहर. तिथली माणसं त्याला बँकॉक म्हणतच नाहीत, क्रुंग थेप म्हणतात. थेप म्हणजे आपला देव. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. चाओ फ्राया नदीच्या काठी १७८२ साली राजा पहिला राम याने ही राजधानी वसवली. राजवाड्याच्या आवारातल्या देवळाच्या भिंतींवर सगळं रामायण रंगवलंय, त्याला ते रामकियन म्हणतात. हनुमान पांढराशुभ्र आहे, आणि आपल्यासारखा ब्रह्मचारी नाही, चांगली प्रेमप्रकरणं करतो! मी तिथं उभी राहून हसत होते. जवळच वाट फो नावाचं देऊळ आहे. आत पहुडलेला बुद्ध, ४६ मीटर लांब. एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक गर्दीत हरवतं. देवळात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ओढणी जवळ ठेवायची. भिक्खूंना बाईने स्पर्श करायचा नाही, आणि राजाबद्दल वेडंवाकडं बोलायचं नाही, तिथं त्याला कायद्यानं तुरुंग आहे.

मला सगळ्यात आवडलं ते रस्त्यावरचं खाणं, कारण गाड्यावर जास्त करून बायाच दिसतात. कच्ची पपई, मिरची, लसूण, शेंगदाणे मोठ्या उखळीत ठेचून सोम तम करतात. हाताची लय अगदी आपल्या ठेच्याची. चिकट भाताबरोबर आंबा आणि नारळाचं दूध देतात, ते मात्र आपल्याकडं कुणी करून विकायला हवं. तिथली जे फाय नावाची एक वयस्क बाई डोळ्यांना मोठा गॉगल लावून कोळशाच्या शेगडीवर खेकड्याचं ऑम्लेट करते. २०१७ साली बँकॉकची पहिली मिशेलिन यादी आली, त्यात मोठमोठ्या हॉटेलांबरोबर हिच्या दुकानालाही तारा मिळाला. आता तिच्याकडं रांग असते आणि एका ऑम्लेटला हजार बाटाच्या वर मोजावे लागतात, म्हणून आम्ही बाहेरूनच बघितलं. माळकरी घरातल्या मुलींनी एक ध्यानात ठेवावं. तिथं भाजीतसुद्धा माशाचा रस्सा घालतात. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसलं की ते शाकाहारी, त्याला तिथं ‘जे’ म्हणतात. दशम्या आणि चटणी नेली तरी लाजायचं कारण नाही, मी नेली होती.

आता हिशोब. एक बाट म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये. मुंबईहून विमान चार-साडेचार तासांत पोचतं. तिकीट दोन-तीन महिने आधी, सुट्ट्यांचे दिवस टाळून काढलं, तर जाऊन-येऊन पंधरा ते वीस हजारांत बसतं. राहायला हॉस्टेल. एका खोलीत सहा-आठ पलंग, फक्त मुलींची वेगळी खोली मिळते, एका पलंगाचे रात्रीला तीनशे ते पाचशे बाट. गाड्यावरचं जेवण पन्नास ते ऐंशी बाट. राजवाड्याचं तिकीट महाग, पाचशे बाट. नदीवरची केशरी झेंड्याची बोट मात्र अगदी स्वस्त, आणि त्या बोटीतून निम्मं शहर बघून होतं. रस्त्यावर गाड्यांची एवढी कोंडी असते की बोट आणि वरून धावणारी रेल्वे हेच खरं. सगळं धरून चार दिवसांत साडेचार-पाच हजार बाट पुरतात. म्हणजे तिकिटासकट तीस-पस्तीस हजार. कपड्यांची खरेदी यात धरलेली नाही. शनिवार-रविवारी चतुचक बाजार भरतो, हजारो दुकानं, तिथं पाकीट आवरणं ज्याचं त्यानं बघावं.

तरुण मुलं खाओ सान नावाच्या रस्त्यावर उतरतात. खाओ सान म्हणजे तांदूळ, पूर्वी तिथं तांदळाचा बाजार होता. आता रात्रभर गाणी आणि दारू. झोपायला ती जागा कामाची नाही. आम्ही दोन गल्ल्या सोडून राहिलो होतो. वाट्यात कुणी अनोळखी माणूस गोड बोलून ‘राजवाडा आज बंद आहे, चला दुसरं देऊळ दाखवतो’ म्हणाला तर ऐकायचं नाही. तो रिक्षात बसवून जवाहिऱ्याच्या दुकानात नेतो. राजवाड्याच्या दारापर्यंत आपण स्वतः जाऊन बघायचं. पर्यटकांसाठीच्या पोलिसांचा नंबर ११५५, तो मुलींच्या फोनमध्ये घालून द्या.

पण बायांनो, माझा आजचा खरा मुद्दा या फिरण्याचा नाहीच. फिरायला जाणारी पोरगी आणि ‘बँकॉकला नोकरी आहे’ म्हणून जाणारं पोरगं, यात फार मोठा फरक आहे. आणि आपण काळजी करतो ती पोरीची. पोराला मात्र बँड लावून पाठवतो.

काय होतं ते ऐका. फोनवर जाहिरात येते. कॉम्प्युटरवर डेटा भरायचं काम, पगार लाखाच्या घरात, तिकीट कंपनीचं, मुलाखत फोनवरच. पोरगा बँकॉकला उतरतो. तिथून त्याला गाडीत घालून माए सोत या सीमेवरच्या गावाला नेतात, आणि नदी ओलांडून म्यानमारमध्ये म्यावड्डीला. पासपोर्ट काढून घेतात. तिथं भिंतीआड कोंडून, लोकांना फोनवरून फसवायचं काम करायला लावतात. नाही म्हटलं तर मारहाण. सुटायचं तर घरच्यांकडून पैसे. मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारनं अशा ५०० हून जास्त माणसांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं.

तेव्हा त्या ताईंनी मुलीला ‘का जातेस’ असं विचारण्यापेक्षा जेवताना शेजारी बसवून हे विचारावं. परतीचं तिकीट काढलंस का, दाखव. राहण्याचा पत्ता लिहून दे. तुझा पासपोर्ट तुझ्याच पिशवीत राहणार ना? त्याची एक झेरॉक्स घरी ठेव. कोणी ओळखीचा तिथं ‘काम देतो’ म्हणतोय का? तिन्ही मैत्रिणींच्या घरचे नंबर दे. रोज रात्री एक फोन, तिकडं आपल्यापेक्षा दीड तास पुढं असतात हे धरून. या सगळ्याची उत्तरं नीट आली तर जाऊ द्यावं. आणि हेच प्रश्न घरातल्या मुलालाही, शब्द न बदलता. नोकरीवर परदेशी जाणारा असेल तर एजंट सरकारच्या ई-मायग्रेट यादीत आहे का ते बघायचं, नसेल तर एक रुपयासुद्धा द्यायचा नाही. टुरिस्ट म्हणून उतर, कागद नंतर करू, असं कुणी म्हणालं की तिथंच फोन ठेवायचा.

व्हिसाचे नियम बदलत असतात. जायच्या महिन्यात थायलंडच्या सरकारी वेबसाइटवर बघून घ्यावेत. तिथं पोचण्याआधी तीन दिवसांत ऑनलाइन एक फॉर्म भरावा लागतो, तो फुकट आहे. त्याचे कुणी पैसे मागत असेल तर ती वेबसाइट खोटी.

पासपोर्टची साधी फी १५०० रुपये आहे. आपल्यापैकी किती जणींकडं पासपोर्ट आहे, असं मी बैठकीत विचारलं तेव्हा एकही हात वर झाला नाही. पुढच्या शुक्रवारी याच वेळेला तो फॉर्म कसा भरायचा ते सांगते. आधार कार्ड आणि जन्मतारखेचा दाखला काढून ठेवा, दोन्हीवर नाव सारखंच आहे का तेही बघा, कारण लग्नाआधीचं नाव एकावर आणि नंतरचं दुसऱ्यावर, इथंच आपल्या निम्म्या बायका अडतात. येते.