पाहुण्यांना ताटावरून उठवू नका
(कामोठे येथील मासिक सभेत एका गटाच्या सचिव ताईंनी मांडलेले मनोगत)

मैत्रिणींनो, हप्ता, व्याज, थकबाकी नंतर घेऊ. आधी मला माझ्या माहेरच्या फेरीचं सांगायचंय.

माहेर माझं इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी. मे महिन्यात पाणी मागं सरलं की आम्ही म्हणायचो, "संपलं, आता नुसता गाळ." पण पक्ष्यांची पंगत तेव्हाच बसते! उथळ पाण्यात शेवाळ, किडे, बारीक जीव हाताशी येतात. रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो, चोच उलटी घालून पाणी अगदी गाळणीसारखं गाळतो. त्याचा गुलाबी रंगही खाण्यातूनच येतो. पिल्लं राखाडी असतात. नदी सुरय तर उघड्या पडलेल्या बेटावर जमिनीवरच अंडी घालतो.

भिगवणजवळ कुंभारगावला मच्छीमारच होडीतून पक्षी दाखवतात. या खेपेला मीही गेले. थवा दिसला तशी म्हटलं, "दादा, जवळ घ्या ना, उडवा जरा, फोटो काढते." दादांनी होडी थांबवली. म्हणाले, "ताई, ते जेवतायत. पाहुण्याला ताटावरून उठवतात का?" अशी लाज वाटली म्हणून सांगू! गिऱ्हाईक नाराज होईल हे माहीत असून माणूस नाही म्हणाला.

म्हणाल, हिला माहेरचं कौतुक. पण आपल्या खाडीला ओहोटी लागली की असाच चिखल, बगळे, शेकाट्या. नेरूळ-सीवूडला तर रोहितसुद्धा येतात. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. अशाच चिखलात आपल्या आगरी-कोळी बाया निवट्या, चिंबोऱ्या पकडतात. तिथं डेब्रिजचा एक डंपर रिकामा झाला की पक्ष्याचं ताट जातं आणि बाईची कमाईही.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. बायकांचाच गट, आपल्यासारखा. आपण एकदम होडीचं कर्ज काढू असं मी म्हणत नाही, आधी आपली खाडी तरी ओळखू.

येत्या रविवारी ओहोटीची वेळ बघून सकाळी जाऊ. भडक साडी नको, पाण्याची बाटली घ्या, पोरांनाही आणा. चिखलात उतरायचं नाही, लांबूनच बघायचं. इतिवृत्ताच्या वहीत तारीख, दिसलेले पक्षी आणि कुठं भराव दिसला तर ती जागा लिहू. तक्रार द्यायची तर नोंद लागतेच. पाऊस लागायच्या आत जायचंय, तेव्हा नावं आजच द्या.