उन्हाळी आणि संकोच



‘उन्हाळी लागली’ हा शब्दप्रयोग आपल्या घरोघरी रूढ आहे. लघवीला जळजळ होऊ लागली की सब्जाचे पाणी किंवा शहाळे द्यावयाचे आणि विषय मिटवावयाचा, अशी आपली रीत. उन्हात पाणी कमी पडल्यानेही जळजळ होते, हे खरे. परंतु वारंवार लघवीला लागणे, ओटीपोटात दुखणे, लघवी तांबूस होणे ही लक्षणे सोबत असतील, तर दोष उन्हाचा नसून जंतूंचा असण्याचा संभव अधिक. १८८५ साली थिओडोर एशेरिख यांनी वर्णिलेला, आपल्याच आतड्यात राहणारा ई. कोलाय हा त्यांतील प्रमुख. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर लांबीचा, पुरुषांचा सुमारे २०. जंतूंना एवढे थोडे अंतर कापावयाचे असल्यामुळेच जवळजवळ निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा विकार गाठतो. मग त्यात लाजण्यासारखे काय आहे?

तरीही आपण लाजतो, आणि त्या लाजेची किंमत स्त्रिया मोजतात. प्रवासात वा कचेरीत स्वच्छ सोय मिळणार नाही, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी तासन्‌तास अडवून धरतात. जंतूंना वाढावयास याहून अधिक अवसर तो कोणता? कमी पाणी पिणाऱ्या व वारंवार या विकाराने त्रासलेल्या स्त्रियांना रोज दीड लिटर पाणी अधिक दिले असता त्यांचा त्रास जवळजवळ निम्म्याने घटला, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. परंतु पाणी प्या, असे सांगणाऱ्याने पुढची सोयही पाहावयास हवी. मुंबईतील स्त्रियांनी २०११ पासून स्वच्छ, विनामूल्य मुताऱ्यांसाठी चळवळ चालविली, ती याचसाठी. शासकीय सेवेतील मनुष्य या नात्याने मला वाटते, की इमारतीच्या नकाशात ही सोय शेवटी उरलेल्या कोपऱ्यात ढकलणे हा आरोग्याचाच अपराध होय.

वृद्धांची गोष्ट थोडी निराळी. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या त्या भागातील नैसर्गिक संरक्षण क्षीण होते. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने मूत्राशय पुरता रिकामा होत नाही. आजोबा एकाएकी असंबद्ध बोलू लागले, तर ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देऊ नये. कारण मूत्रमार्गातील जंतूंचे असेल, अन्यही असेल. ते वैद्याने ठरवावे. उलटपक्षी, काहीही त्रास नसता केवळ तपासणीत जंतू दिसले, तर वृद्धांना बहुधा औषधाची गरज नसते. गर्भवतीला मात्र अशा वेळीही उपचार हवेत.

शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेणे, बरे वाटताच औषध सोडणे, हे टाळावे. अशाने जंतू औषधांना दाद देईनासे होतात. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागले, तर विकार मूत्रपिंडापर्यंत पोहोचला असे समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

सब्जाचे पाणी अवश्य प्यावे. परंतु आईला, सुनेला, आजीला काय होते आहे, हे घरात मोकळेपणी विचारता आणि सांगता आले पाहिजे. उपचाराचा आरंभ तेथूनच होतो.