बोलण्याची इंग्रजी आणि पुस्तकाची इंग्रजी
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



आपल्या वस्तीतली बरीच मुले आज इंग्रजी माध्यमात नाहीतर सेमी-इंग्रजीत शिकतात. आईबाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. दोन वर्षांत मूल पाहुण्यांसमोर फडाफडा इंग्रजी बोलू लागते आणि घराला धन्य वाटते. मग पाचवी-सहावीत गुण घसरतात. आपण काय म्हणतो? "बोलायला पोपट, अन् पेपरात कोरा! अभ्यासच करत नाही." काही घरांत हात उगारला जातो, काही ठिकाणी नववीच्या आतच शाळा सुटते.

बंधूंनो, मूल आळशी आहे असे ठरवण्याआधी थोडे ऐका. कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली सांगितले, की बोलण्याची भाषा वेगळी आणि शाळेच्या अभ्यासाची भाषा वेगळी. बोलताना समोरच्याचा चेहरा असतो, हातवारे असतात, वस्तू डोळ्यांपुढे असते. अर्धे शब्द कळले नाहीत तरी काम भागते. पुस्तकात यातले काहीच नसते, सगळा अर्थ शब्दांतूनच काढावा लागतो. परदेशातून टोरांटोला आलेल्या मुलांची माहिती तपासून कमिन्स यांनी १९८१ मध्ये दाखवले, की बोलण्याची इंग्रजी साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाच्या इंग्रजीत तिथल्या मुलांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षे लागतात. आणि त्या मुलांच्या तर आजूबाजूलाही इंग्रजीच होती! आपल्या पोराला ती शाळेची घंटा होईपर्यंतच. (या विभागणीवर टीकाही झाली आहे, त्यात दोष मुलाच्याच माथी येतो असे काहींचे म्हणणे. मला तर उलट वाटते, आपला धीर सुटू नये म्हणून ती उपयोगी आहे.)

साधे उदाहरण घ्या. 'व्हॉल्यूम' म्हणजे टीव्हीचा आवाज, हे मुलाला पक्के ठाऊक. गणिताच्या पुस्तकात तोच शब्द घनफळ होतो. 'टेबल' म्हणजे कधी पाढा, तर कधी तक्ता. 'फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह' असे वाचले की मूल ५ − १२ मांडते, कारण शब्द त्याच क्रमाने आले. त्याला वजाबाकी येते हो, ते वाक्य येत नाही! मास्तर मात्र गणिताचे गुण कापतात.

मग काहीजण सल्ला देतात, घरातही मराठी बंद करा. हे मला बिलकूल पटत नाही. एका भाषेत पक्के समजलेले दुसऱ्या भाषेत कामी येते, हेही कमिन्सच सांगतात. परमपूज्य बाबासाहेबांकडे पाहा. १९२० साली त्यांनी 'मूकनायक' मराठीत सुरू केले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ इंग्रजीत निघाला. त्यांनी दोन्ही भाषांत जड विचार पेलला. घरात तोडकी इंग्रजी आणि मराठीही अर्धवट, असे झाले तर मुलाने विचार करायचा कशात?

माझ्या माता-भगिनींना खास सांगतो, इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसू नका. ओली साडी दोरीवर वाळते, तर त्यातले पाणी गेले कुठे? हे मराठीत विचारा. उन्हात लवकर का, पावसाळ्यात उशिरा का? मूल नीट कारण देऊ लागले, की पुस्तकातला 'इव्हॅपोरेशन' त्याला परका राहत नाही.

समितीला एक विनंती. विहारातल्या अभ्यासिकेत प्रश्नोत्तरे घोकून घेणे थांबवावे. धडा आधी मराठीत बोलावा. मग मुलाने तो आपल्या इंग्रजीत सांगावा, चुकला तरी मध्ये टोकू नये. शेवटी चार-पाच ओळी स्वतः लिहाव्यात. रविवारच्या वंदनेनंतर तासभर मी येऊन बसेन. सहावी-सातवीच्या मुलांना आधी पाठवा, आणि गाईड घरी ठेवून नुसते गणित-विज्ञानाचे पुस्तक घेऊन पाठवा.

नमो बुद्धाय! जयभीम!