निरगाठ, सुरगाठ आणि झाडावरचा माणूस

(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या तिमाहीच्या जमाखर्चात "दोर व हार्नेस" असा एक खर्च आपण वाचला असेल. त्यावर एका वडीलधाऱ्या सभासदांनी मला विचारले, "अहो, आदिवासी पोरांना झाडावर चढायला शिकवायचे, म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यासारखे नाही का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायलाच मी आज उभा आहे.

जव्हार-मोखाड्याकडची मुले लहानपणापासून झाडावर चढतात, हे खरे. नाचणी-भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, तर ऐनाच्या फांद्या तोडायला कोणीतरी वर जावेच लागते. कमरेला आकडी, आकडीत कोयता, आणि हातापायांची पकड. एवढ्यावर माणूस शेंड्यापर्यंत जातो. या कौशल्यात आम्ही त्यांना काही शिकवावे असे नाही. तिथे शिष्य आम्हीच.

पण आता काम बदलले आहे. पावसाळ्याआधी शहरांतून रस्त्यावरच्या झाडांच्या फांद्या छाटतात. ठेकेदार गावातून पोरे नेतो. तिथे पर्जन्यवृक्ष असतो, गुलमोहर असतो, खाली विजेच्या तारा, गाड्या, दुकानाचे पत्रे. फांदी तोडून खाली टाकता येत नाही, दोराने सावकाश उतरवावी लागते. तोडणाऱ्याचे दोन्ही हात करवतीला लागतात. म्हणजे ज्या हातांच्या पकडीवर तो जन्मभर विसंबला, ते हातच मोकळे उरत नाहीत. त्याला धरून ठेवायचे काम आता दोराचे, आणि दोराचे काम शेवटी गाठीचे.

आमच्या पट्ट्यातल्या एका पाड्यावरचा तरुण असाच शहरात कामाला गेला होता. कमरेला बाजारातला प्लास्टिकचा दोर बांधून तो वर चढला. फांदी सुटताना झटका बसला आणि तो खाली आला. दोर तुटला नव्हता, अखंड होता. सुटली ती गाठ. पाठीच्या कण्याला मार बसला. आज तो खाटेवर आहे आणि बायको दोन मुलांना घेऊन वीटभट्टीवर जाते. त्याने दोन साध्या गाठी एकावर एक मारल्या होत्या, आपण पोत्याच्या तोंडाला मारतो तशा. सुतळीवर ती गाठ बरी धरते. गुळगुळीत प्लास्टिकवर सरकते.

आपल्या भाषेत गाठीला दोन सुंदर शब्द आहेत: निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ म्हणजे पक्की, सहजी न सुटणारी. सुरगाठ म्हणजे एक टोक ओढले की सुटणारी. झाडावरच्या माणसाला या दोन्ही उपयोगाच्या नाहीत. सुरगाठ त्याचा जीव घेईल. आणि निरगाठ अशी आवळते की अडचणीत ती सोडवायला कोयताच चालवावा लागतो, तोही आपल्याच दोराशेजारी. त्याला हवी ती गाठ भार असताना निरगाठीसारखी धरणारी आणि काम झाल्यावर सुरगाठीसारखी सुटणारी. जगभरच्या खलाशांनी, गिर्यारोहकांनी आणि झाडांवर काम करणाऱ्यांनी अशा गाठी शोधून ठेवल्या आहेत. आम्ही त्यांतल्या पाचच शिकवतो.

पहिली आठाची गाठ. दोराला आठाच्या आकाराचा वळसा द्यायचा, टोक हार्नेसच्या कडीतून घ्यायचे आणि त्याच वाटेने परत आणायचे. आकडा इंग्रजी आठाचा. मराठी ८ शी तिचे काही साम्य नाही, हे पोरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर दाखवून दिले! हिचा मोठा गुण म्हणजे चुकली तर लांबूनही दिसते. दोन दोर शेजारी शेजारी धावत आहेत की नाहीत, हे सोबती एका नजरेत सांगू शकतो.

दुसरी बोलाइन. दोराच्या लांब बाजूवर एक छोटा वेढा करायचा, टोक खालून त्यातून वर काढायचे, लांब दोराच्या मागून फिरवून पुन्हा त्याच वेढ्यात खाली घालायचे. तयार झालेला फासा कितीही ओढा, लहान होत नाही आणि भार निघाला की सहज सुटतो. पण भार नसताना दोर हलत राहिला तर ही गाठ सैल पडू शकते. म्हणून टोक लांब ठेवून त्याची आणखी एक गाठ मारून घ्यायची.

तिसरी सरकती बोलाइन. बोलाइनच्या फाशातून तोच दोर ओवला की फांदीभोवती आवळणारा फास होतो. तोडायची फांदी हिने बांधतात. तिचा दोर वरच्या फांदीवरून घेऊन खाली बुंध्याला वेढे देतात. प्रत्येक वेढ्यागणिक घर्षण वाढते, म्हणून खालचा एकटा माणूसही जड फांदी सावकाश सोडू शकतो. मात्र हा फास माणसाच्या अंगाला कधीच घालायचा नाही.

चौथी क्लोव्ह हिच, खांबाची गाठ. ही मात्र शिकवावीच लागली नाही. मांडवाचे वासे बांधताना पोरे हीच गाठ मारतात, फक्त तिला कुणी नाव दिले नव्हते. वर करवत पाठवायला ती उत्तम. त्या दिवशी शिकवणारे त्यांच्या बाजूला बसले.

पाचवी सर्वांत नवलाची. मुख्य दोराभोवती वेढे घेऊन मारलेली ही गाठ भार पडला की दोर घट्ट पकडते. भार काढून हाताने सरकवली की वर-खाली जाते. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ साली अशी एक गाठ प्रसिद्ध केली, ती आजही त्याच्याच नावाने ओळखतात. झाडांवर काम करणारे बहुधा तिची एक चुलत बहीण वापरतात, ब्लेकची गाठ. दोराच्याच टोकाने चार वेढे वर चढवत घ्यायचे, टोक खाली आणून खालच्या दोन वेढ्यांच्या आतून काढायचे आणि टोकाला अडसर म्हणून एक गाठ मारायची. माणूस तिच्यावर टेकून दोन्ही हात मोकळे ठेवतो. उतरताना मात्र घाई चालत नाही. घर्षणाने दोर तापतो आणि कृत्रिम धागा उष्णतेने वितळतो. बाजारातला स्वस्त प्लास्टिकचा दोर या कामाला चालत नाही, तो याचमुळे. त्यासाठी आत गाभा आणि वर विणलेले कवच असलेला, साधारण ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा चढाईचाच दोर लागतो. आपला पैसा तिथे गेला.

पाच गाठी दोन दिवसांत दाखवता येतात. हाताला वळण लागायला महिने जातात. आम्ही पोरांना डोळ्यांवर फडके बांधून गाठ मारायला लावतो, कारण उद्या पावसात, घामात, मुंग्या चावत असताना ती मारायची आहे. आणि चार गोष्टी रोज घोकून घेतो. गाठ मारली की नीट बसवा, दोर एकमेकांवर चढू देऊ नका. मग सगळी टोके ओढून आवळा. टोक वीतभर तरी शिल्लक ठेवा. आणि जमिनीपासून हातभर उंचीवर अंगाचा पूर्ण भार देऊन पाहा, मगच वर जा. करवत चालवताना दोन ठिकाणी बांधलेले असा, कारण करवतीला फांदी आणि दोर यांतला फरक कळत नाही. आणि एकट्याने कधी चढू नका. हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकलेला माणूस फार वेळ तग धरत नाही, त्याला चटकन खाली आणणारा सोबती खाली हवाच.

हार्नेसचा खर्च जास्त का, असेही विचारले गेले. नुसता दोर कमरेला बांधला, तर पडताना तोच दोर पोटात रुततो, श्वास कोंडतो. यिर्मया संदेष्ट्याला चिखलाच्या हौदातून कसे काढले, ते आपण शब्बाथशाळेत ऐकले आहे. एबद-मलेख कूशी याने दोर तर नेलेच, पण जुन्या चिंध्याही नेल्या आणि त्या बगलेत दोराखाली घ्यायला सांगितले. राजवाड्यातल्या इतक्या माणसांत, दोर अंगाला कुठे काचेल हा विचार त्या एका परदेशी माणसाने केला. मला हे वचन धर्मशास्त्राच्या पदविकेपेक्षा झाडाखाली उभे राहून जास्त कळले. मदत करणाऱ्याने दोर टाकला म्हणजे झाले असे नाही. वर ओढल्या जाणाऱ्याच्या अंगाला तो कसा लागतो, हेही पाहायचे असते.

आता आपल्याकडे तीन मागण्या. पहिली, जुने दोर कृपया पाठवू नका. ट्रकचा, विहिरीचा किंवा उन्हात वर्षानुवर्षे पडलेला दोर वरून चांगला दिसतो, पण त्यावर कोणाचा जीव टांगता येत नाही. जमेल तेवढी रक्कम द्या, आम्ही नवा घेऊ आणि झिजला की स्वतः कापून टाकू. दुसरी, आपल्या चर्चच्या आवारात किंवा सोसायटीत फांद्या छाटायला माणसे येतील, तेव्हा खाली जाऊन पाहा: अंगावर हार्नेस आहे का, दुसरा पट्टा आहे का, खाली सोबती आहे का. नसेल तर काम थांबवा आणि ठेकेदाराला तुमच्या तोंडूनच सांगा. पोराने सांगितले तर त्याची रोजी जाईल, तुमचे काही जाणार नाही. तिसरी, सगळ्यांत स्वस्त भाव सांगणाऱ्यालाच काम देऊ नका. तो भाव कशातून स्वस्त झाला, ते आधी विचारा. बहुतेक वेळा दोरातूनच झालेला असतो.