हलकी गाडी, घरचा पाना



माझदा हे नाव काढलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्वराज माझदाचा छोटा ट्रक नाहीतर शाळेची बस येते. त्याच जपानी माझदा कंपनीने १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात दोन आसनांची, टप उघडता येणारी एक छोटी गाडी मांडली. अमेरिकेत ती मियाटा म्हणून ओळखली गेली, जपानात युनोस रोडस्टर म्हणून, आणि मी राहतो त्या इंग्लंडात तिचं नाव एमएक्स-५. भारतात कंपनीने ती कधी विकली नाही, त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिलेलीही नसेल. पण जुनी गाडी आपल्या हाताने दुरुस्त करायची हौस ज्यांना आहे, त्यांना या गाडीकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. म्हणून आजचं बोलणं तिच्या पहिल्या पिढीबद्दल, १९८९ ते १९९७ या काळात बनलेल्या गाड्यांबद्दल.

हिची मूळ कल्पना एका पत्रकाराची. बॉब हॉल हे अमेरिकन मोटार पत्रकार. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माझदाच्या केनिची यामामोटो यांनी त्यांना विचारलं की, आम्ही पुढे कोणती गाडी काढावी? हॉल म्हणाले, जुन्या ब्रिटिश गाड्यांसारखी साधी, हलकी, उघडी गाडी आता कोणी बनवत नाही, ती तुम्ही बनवा. ब्रिटिश एमजी आणि लोटस एलान चालवायला सुरेख होत्या, पण तेल गळणं, वायरिंग बिघडणं, पत्रा गंजणं हे त्यांच्या पाचवीला पुजलेलं. माझदाने चालवण्याची मजा तेवढी घेतली आणि खाली भरवशाची यंत्रणा दिली. घोडा आणि स्वार एकजीव असतात तसे गाडी आणि चालक असावेत, हे ही गाडी घडवणाऱ्या तोशिहिको हिराई यांच्या पथकाचं उद्दिष्ट होतं. त्यासाठी त्यांनी किलो किलो मोजला. बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं केलं, बॅटरी नेऊन डिकीत ठेवली, म्हणजे पुढचा भार कमी झाला. सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनाची ताकद सुमारे ११५ अश्वशक्ती आणि गाडीचं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. बस्स, एवढंच तिचं भांडवल.

आता मुद्द्यावर येतो. हलकी गाडी काही लपवत नाही. जड, गुबगुबीत गाडीत एखादा रबरी बुश फाटला तरी महिनोन्‌महिने कळत नाही. इथे लगेच कळतं. स्टेअरिंगला कळतं, बसल्या जागी कळतं. म्हणूनच ही गाडी घरी दुरुस्त करण्याजोगी आहे, कारण काय बिघडलंय ते ती स्वतः सांगते. आणि म्हणूनच माझं ठाम मत आहे की, गाडीत काही नवं, जास्त ताकदीचं, जास्त रुबाबदार बसवण्याआधी जे मूळचं आहे ते मूळ स्थितीला आणावं. तीस वर्षं जुन्या गाडीचे झिजलेले शॉकअप तसेच ठेवून तिला टर्बो बसवणारे लोक मी पाहतो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. ती गाडी मुळात कशी चालत होती, हे त्यांना कधी कळतच नाही.

रेडिओवरून गाडी दाखवता येत नाही, पण तिचे आवाज तरी सांगता येतात. थंड इंजिन सुरू केल्यावर वरून बारीक टकटक येते, शिलाई मशीन चालल्यासारखी. ऐकून माणूस घाबरतो. या इंजिनात व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबावर आपोआप जुळते. ते जुळवणारे छोटे पिस्टन, त्यांच्या तेलाच्या वाटा अरुंद. जुन्या तेलाचा गाळ तिथे बसला की टकटक सुरू. बहुतेक वेळा उपाय एवढाच की, चांगलं तेल घाला, फिल्टर बदला आणि इंजिन पुरतं तापेल इतकी गाडी चालवा. फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या पोटाखाली अशा जागी आहे की हात खरचटतोच. लांब बाह्यांचा जुना सदरा घालून काम करावं. दुसरा आवाज घूं घूं असा, वेगाबरोबर वाढणारा. डावीकडे वळताना तो चढला तर बहुधा उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर येतो. उजवीकडे वळताना चढला तर डाव्या.

टायमिंग बेल्ट साधारण एक लाख किलोमीटरच्या आत बदलायचा असतो. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटत नाहीत. गाडी फक्त बंद पडते. पण त्या भरवशावर टाळाटाळ करू नये. सुरुवातीच्या, १९९१ च्या मध्यापर्यंतच्या गाड्या असतील तर क्रँकच्या तोंडाशी असलेला बोल्ट आवळताना डोळ्यांत तेल घालून काम करावं. तो ढिला राहिला तर चावीची खाच झिजत जाते आणि मग क्रँकच बदलायची वेळ येते. तिथे टॉर्क रेंच हवाच, हाताचा अंदाज चालत नाही.

पण या गाडीचा खरा वैरी इंजिनात नाही, तो पाणी आहे. टप जिथे मागे घडी होऊन बसतो, तिथे दोन्ही कोपऱ्यांत, आसनांच्या मागे, पाणी वाहून जाण्यासाठी एकेक नळी आहे. पावसाचं पाणी टपावरून या नळीत आणि तिथून मागच्या चाकाच्या पुढे खाली जमिनीवर. वर्षानुवर्षं तिच्यात पाला, धूळ, टपाच्या कापडाचे तंतू साचतात. नळी तुंबली की पाण्याला वाट उरत नाही, ते आत उतरतं. गालिचा ओला होतो, ते तरी दिसतं. जे दिसत नाही ते दाराखालच्या पोकळ पत्र्यात साचलेलं पाणी. वर रंग लखलखीत आणि आतून पत्रा कुजत चाललाय. मागच्या चाकाच्या कमानीच्या जरा पुढे रंगाला फोड आला असेल तर समजा, आतलं काम बरंच पुढे गेलंय. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने आणखी भर पडते. इथे तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी तपासणी होते. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे जोडलेलं असतं, तिथून ३० सेंटिमीटरच्या आतला भार पेलणारा पत्रा गंजून पोकळ झाला असेल तर गाडी नापास.

यावरचा उपाय फुकट आहे. टप अर्धवट उचला, कोपऱ्यात बोट घाला, हाताला ओला चिखल लागतो का पाहा. मग लवचिक दांड्याचा लांब, मऊ ब्रश हळूहळू आत सोडा. तार खुपसू नका, हवेचा जोरदार झोतही मारू नका, कारण नळी खालच्या सांध्यातून निसटली की पाणी थेट पत्र्याच्या पोकळीत जातं आणि नुकसान दुप्पट. शेवटी तांब्याभर पाणी बेताने ओता आणि खाली बघा. चाकापुढे धार लागली की काम झालं. वर्षातून दोनदा हे केलं तर हजारो रुपयांचं वेल्डिंग वाचतं.

ब्रेकबद्दल बोलताना मी जरा कडक होतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, आणि घाटात एकसारखे ब्रेक मारताना पेडल मऊ पडतं. ते दोन वर्षांनी बदलावं. या गाडीचा हँडब्रेक लागत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते आणि लोक केबल ताणत बसतात. दोष बहुधा मागच्या कॅलिपरमध्ये असतो. तिथे १४ मिलिमीटरच्या पान्याने निघणारा एक बोल्ट आहे, त्याच्या मागे ४ मिलिमीटरच्या अ‍ॅलन चावीने फिरणारा स्क्रू. तो आवळत जायचा, चाक अडलं की थांबायचं आणि एक तृतीयांश फेरा मागे घ्यायचा. दोन्ही बाजूंना एवढं केलं की हँडब्रेक पुन्हा जागेवर येतो. गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही. सपाट जमीन, चाकांना अडसर आणि भक्कम स्टँड. ज्याला ब्रेकच्या कामाची खात्री वाटत नाही, त्याने केलेलं काम जाणत्या फिटरला दाखवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

सस्पेन्शनचे रबरी बुश बदलणं हे मेहनतीचं काम, पण या गाडीला तरुण करणारं दुसरं काम नाही. चारही चाकांना वर-खाली दोन दोन आर्म, त्यामुळे बुशही पुष्कळ. जुने बोल्ट गंजून धरून बसतात. त्यांच्यावर आदल्या दिवसापासून गंज सुटायचं तेल मारत राहावं, नाहीतर आटे जातात. इथे एक गोष्ट अनुभवी माणसंही विसरतात. चाक लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळायचे नाहीत. रबराचा बुश आवळताक्षणी त्या स्थितीत घट्ट धरला जातो. मग गाडी खाली उतरवली की आर्म वर जातो, रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकरच फाटतं. बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उभी करा, तिचं वजन तिच्यावर येऊ द्या आणि मग आवळा. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या.

एवढं झाल्यावर सुधारणांचा विचार. पहिला खर्च टायरवर करावा. मूळचा आकार १८५/६० आर १४, आणि मूळची अ‍ॅलॉय चाकं साडेपाच किलोच्या आसपास, उचलली तर नवल वाटावं इतकी हलकी. ती काढून सतरा इंची जड चाकं बसवण्याची मोठी हौस लोकांना आहे. चाकाचा भार स्प्रिंगच्या खाली असतो. तो वाढला की प्रत्येक खड्ड्याला चाक रस्ता सोडतं आणि स्टेअरिंगचं बोलणं बंद होतं. हिराईंच्या पथकाने जे कमावलं ते आपण पैसे मोजून घालवायचं, याला मी सुधारणा म्हणत नाही. त्यानंतर चांगले ब्रेक पॅड, चांगले शॉकअप. टर्बोचा नंबर शेवटचा. त्याआधी रेडिएटर, क्लच आणि ब्रेक हे सगळं वाढीव ताकदीला पुरेल असं करावं लागतं. इंग्लंडात असा कोणताही बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. भारतात मोटर वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे. उत्पादकाने ठरवलेल्या रचनेपेक्षा वेगळा बदल त्यात बसत नाही. तेव्हा आपल्याकडच्या हौशी मंडळींनी पाना उचलण्याआधी ते पाहावं.

सुटे भाग मिळायची चिंता या गाडीपुरती तरी कमी आहे. २०१७ मध्ये माझदाने जपानात पहिल्या पिढीच्या गाड्यांचं पुनरुज्जीवन करून द्यायला सुरुवात केली. त्यासाठी टप आणि लाकडी स्टेअरिंगसारखे भाग पुन्हा बनवले आणि ब्रिजस्टोनने मूळच्या मापाचे, जुन्या नक्षीचे टायरही काढले.

पहिलं काम कोणतं घ्यावं, असं ज्यांच्या मनात असेल त्यांना मी गिअरच्या दांड्यापासून सुरुवात करायला सांगतो. यासाठी गाडी उचलावी लागत नाही. दांड्याच्या बुडाशी रबराची दोन आवरणं असतात, एक मोठं आणि एक लहान. ती तडकली की खालची गरम हवा आणि आवाज आत येतो. दांड्याचा गोळा गिअरबॉक्सच्या वरच्या एका छोट्या भांड्यात, त्याच्या स्वतःच्या तेलात बसलेला असतो. गिअरबॉक्सचं तेल बदललं तरी हे तेल तसंच राहतं, आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. दांडा उचलून काढा, काळं पडलेलं तेल टिपून घ्या, टोकाचा झिजलेला नायलॉनचा बुश बदला, अर्धा कप नवं गिअर ऑइल ओता, नवी आवरणं बसवा. सकाळी सुरू केलं तर जेवणाच्या वेळेपर्यंत हात धुऊन मोकळे. संध्याकाळी गाडी बाहेर काढा आणि दुसऱ्यातून तिसरा गिअर टाकून पाहा.