पानावर बसले नाही, तरी वजन वाढले

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



यंदा वर्धापनदिनी सभासदांपैकीच कोणीतरी बोलावे असे ठरले आणि चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी त्यांना म्हटले, "अहो, गावच्या शाळेत सातवीपर्यंत वर्ग होते, तेवढेच माझे शिक्षण. मी काय भाषण करणार?" त्या म्हणाल्या, "तुमचे वजन वाढले कसे आणि उतरले कसे, तेवढे सांगा. पुस्तकातले नको." तेव्हा मी आज घरातलेच सांगणार आहे. बोलण्यात कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

माझे लग्न झाले तेव्हा माझे वजन 48 किलो होते. दोन मुले झाली, धाकटा झाला तेव्हा मी 28 वर्षांची होते आणि काटा 58 वर होता. पुढच्याच वर्षी यजमानांचे यंत्रमागावरचे काम आठवड्यातून चार दिवसांवर आले. तेव्हा मी घरातच कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या ऑर्डरी घेऊ लागले. आपल्या सोलापुरात या दोन जिनसांना मरण नाही. पहाटे साडेचारला उठायचे, मुलांच्या शाळेचे डबे, सासूबाईंचा चहा-नाश्ता, मग भाकरी, दुपारी चटणी कुटणे, संध्याकाळी पुड्या बांधणे, रात्रीचा स्वयंपाक. अंथरुणाला पाठ लागेपर्यंत साडेअकरा वाजत. मुलीच्या शाळेची फी याच पैशातून जाई, त्यामुळे काम सोडण्याचा प्रश्नच नव्हता.

या धावपळीत दहा वर्षे गेली. 2019 साली संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंडळाने तपासणी ठेवली होती, ती पुष्कळजणींना आठवत असेल. मी काट्यावर उभी राहिले आणि काटा 71 वर गेला. मला वाटले काटाच बिघडला. पण माझ्या आधीच्या बाईंना तो बरोबर दाखवत होता!

घरी येऊन मुलीने हिशेब केला. दहा वर्षांत तेरा किलो, म्हणजे महिन्याला जेमतेम एकशे दहा ग्रॅम. चटणीची लहान पुडीसुद्धा याहून जड असते. महिन्याला एवढेसे वाढलेले कोणाच्या डोळ्यांना दिसणार? ब्लाउजची शिवण दोनदा उसवून सैल केली, तेव्हासुद्धा मी म्हटले की कापड आटले.

खरी धास्ती बसली ती रक्ताच्या तपासणीने. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी जी तपासणी असते, तिचा माझा आकडा 6.1 आला. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले की 5.7 पासून 6.4 पर्यंत म्हणजे बाई मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभी आहे, आणि 6.5 झाले की उंबरठा ओलांडला. भगिनींनो, माझ्या आईला मधुमेह होता. पायाला झालेली जखम चिघळली आणि शेवटी तिची तीन बोटे काढावी लागली. त्या पायाला मलमपट्टी मी स्वतः केली आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. धाकटा तेव्हा फक्त दहा वर्षांचा होता.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक विचारले, "गरोदरपणी साखर वाढली होती का?" वाढली होती, दुसऱ्या खेपेस, सातव्या महिन्यात. बाळंतपणानंतर ती आपोआप उतरली. पुन्हा तपासून घ्या असे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो. म्हणून बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांत एकदा आणि नंतर दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासावी. येथे बसलेल्या लेकीसुनांपैकी कोणाला असे झाले असेल तर एवढे एक वाक्य तरी आज घरी घेऊन जा.

आता माझा मूर्खपणा सांगते. भीतीपोटी मी घाईला आले. ओळखीच्या एका बाईकडून दोन हजार चारशे रुपयांची पावडर आणली. सकाळी पावडर, दुपारी लिंबूपाणी, रात्री एक भाकरी. महिन्यात चार किलो उतरले आणि मी हरखून गेले. मग एके सकाळी तव्यापाशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हात तव्यावर टेकला. ही खूण अजून मनगटावर आहे. पावडर बंद केली आणि दोन महिन्यांत पाच किलो परत आले, म्हणजे एक किलो व्याज. पैसे गेले, हात भाजला, आणि काटा 72 वर!

पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही खाता काय, ते आठवडाभर लिहून आणा." मी म्हटले, "बाई, मी खातेच कुठे? मला पानावर बसायलाही सवड नाही." लिहिण्याचे काम मुलीने अंगावर घेतले. मी तोंडात काही टाकले की ती वही काढी. पहिल्या दोन दिवसांत मला तिचा राग आला. आठवड्याने वही वाचली तेव्हा मात्र मान खाली गेली.

त्या वहीत जेवण असे कुठेच नव्हते. होते ते असे: पहाटे चहा, दोन चमचे साखर. मुलाच्या डब्यातली उरलेली अर्धी पोळी. मोडलेली कडक भाकरी, कारण मोडकी भाकरी गिऱ्हाइकाला देता येत नाही. चटणीचे मीठ-लसूण पाहायला एक चमचा, मग तिखट पाहायला एक, मग सहज एक. पुन्हा चहा. भाजलेल्या शेंगदाण्यांची मूठ, येताजाता. दुपारी तीनला उभ्याउभ्या कालची आमटी नि भाकरी. चहा आणि खारी. रात्री सव्वादहाला सगळ्यांचे झाल्यावर पातेल्यात उरलेला भात, "एवढासाच आहे, कशाला ठेवायचा" म्हणून.

दिवसाचे पाच चहा आणि दहा चमचे साखर, म्हणजे सुमारे 50 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली जी आहाराची मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यांत दिवसाची साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवावी असे म्हटले आहे. मी नुसत्या चहातून दुप्पट घेत होते. मूठभर शेंगदाणे, म्हणजे साधारण 30 ग्रॅम, यांत एका भाकरीइतकी ऊर्जा असते. शेंगदाणा वाईट नव्हे, चांगलाच आहे, पण तो भाकरीच्या जागी खावा, भाकरीच्या वर नव्हे.

तेव्हा मला कळले की मी हावरी नव्हते आणि आळशीही नव्हते. माझे स्वतःचे ताटच नव्हते. घरातल्या प्रत्येकाचे उरलेसुरले माझ्या पोटात जात होते आणि त्याला मी काटकसर म्हणत होते. अन्न टाकू नये ही आपल्याला लहानपणापासूनची शिकवण. ती खोटी नाही. पण भूक नसता पोटात टाकलेले अन्नही वायाच जाते, आणि वर अंगाचे नुकसान करते. त्यापेक्षा ते मुळात कमी शिजवावे.

दुसरा माझा समज असा की तिशीनंतर बाईचे अंग वाढायचेच, त्याला इलाज नाही. पुढे डॉक्टरीणबाईंनीच सांगितले की 2021 साली 'सायन्स' या नियतकालिकात 29 देशांतील सहा हजारांहून अधिक माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की वीस ते साठ वर्षांपर्यंत शरीराची ऊर्जा खर्च करण्याची गती फारशी बदलत नाही. म्हणजे तिशीत वय बदलते त्याहून जास्त आपला दिवस बदलतो. झोप कमी होते, जेवणाची वेळ जाते, आणि स्नायू वापरात नसले की हळूहळू झिजतात. अपुऱ्या झोपेने भूकही जास्त लागते. थायरॉईडचा किंवा पाळीच्या अनियमितपणाचा आजार असेल तर मात्र गोष्ट वेगळी, म्हणून रक्त आधी तपासून घ्यावे. माझे थायरॉईड ठीक निघाले. आपल्यातल्या एका भगिनीचे निघाले नाही, आणि ती बिचारी वर्षभर उगाच उपास करीत होती.

तिसरा समज, घरकाम हाच व्यायाम. भगिनींनो, थकवा आला म्हणजे व्यायाम झाला असे नव्हे. मी दिवसभर ओट्यापाशी उभी असे. पाय दुखत, पण दम कधी लागत नसे.

डॉक्टरीणबाईंनी मला 48 किलोचे स्वप्न दाखवले नाही. म्हणाल्या, "पाच किलो उतरवा आणि ते परत येऊ देऊ नका." अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात उंबरठ्यावरच्या लोकांना वजन शेकडा सात टक्के उतरवायचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालायचे असे ध्येय दिले होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. शेकडा सात म्हणजे माझे पाच किलो. पाच किलो ऐकून मला धीर आला.

मग मी काय केले, ते थोडक्यात सांगते.

पहिले, मी माझे ताट वाढून घेऊ लागले. सकाळी साडेदहा आणि रात्री आठ, सर्वांबरोबर, बसून, एकदाच वाढून. ताटात आधी मटकी, हुलगे किंवा डाळ, जोडीला पालेभाजी, कांदा-काकडी, आणि दीड भाकरी. उसळ असली की तीन वाजता भुकेने जीव कासावीस होत नाही. मोडकी भाकरी डब्यात जाते आणि दुसऱ्या दिवशी घरात सर्वांच्या आमटीत कुस्करली जाते.

दुसरे, चहा पाचाचे दोन, आणि साखर अर्धा चमचा. पहिला आठवडा डोके दुखले. आता दोन चमच्यांचा चहा मला काकवीसारखा लागतो.

तिसरे, तेल. आम्हा पाच माणसांत घरखर्चाचे पाच लिटर तेल महिन्याला लागे. ते तीन लिटरवर आणले. यजमानांना चवीतला फरक महिनाभर कळला नाही, तेलाचे बिल पाहून कळला.

चौथे, चालणे. आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा चालीने. शिवाय एक दिवसाआड खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठणे-बसणे आणि भिंतीला हात लावून जोर. स्नायूंना असे काम लागतेच.

पण हा अर्धा तास आणायचा कुठून? हे सर्वांत अवघड गेले. मी सासूबाईंना सांगितले की सकाळी सहा ते साडेसहा मी घरात नसेन. त्या म्हणाल्या, "सुनेने सकाळी फिरायला जायचे, ही कुठली रीत?" मी उलट बोलले नाही. माझ्या आईचा पाय त्यांनी पाहिला होता, तेवढी आठवण दिली. त्या गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी चहा त्यांनी स्वतः टाकला. यजमान मुलांचे डबे भरू लागले. पहिल्या दिवशी चमचा विसरले, दुसऱ्या दिवशी विसरले नाहीत. रात्रीच्या ऑर्डरी मी बंद केल्या. महिन्याला हजार-बाराशे रुपये कमी आले, पण मला सात तास झोप मिळू लागली. औषधाला यापेक्षा जास्त गेले असते.

हे सगळे सरळ रेषेत झाले नाही. वर्षभरात मी 72 वरून 66 वर आले. मग 2020 साली टाळेबंदीत ऑर्डरी थांबल्या, चिंता वाढली, गच्चीवर चालले तरी दोन किलो परत आले. दिवाळीत आणि लग्नसराईत अजूनही किलोभर वाढते. आज माझे वजन 64 आहे आणि साखर 5.8. उंबरठ्यावरून मी पूर्ण मागे आलेली नाही, पण ओलांडलाही नाही. माझी पाच फूट उंची पाहता हे वजनही जास्तच आहे. काटा नसेल तर शिंप्याची टेप घ्या. आपल्याकडच्या बाईचा कमरेचा घेर 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, याच्या आत असावा. माझा अजून नाही, पण मी टेप लपवून ठेवलेली नाही.

शेवटी मंडळापुढे दोन विनंत्या ठेवते. एक, हळदीकुंकवाला भेटलो की "किती सुटलीस गं!" हे वाक्य आपण बंद करूया. त्याने कोणाचे वजन उतरत नाही, ती बाई पुढच्या वेळी येत नाही एवढेच. त्याऐवजी "जेवलीस का, कधी, बसून की उभ्याने?" असे विचारावे. दुसरी विनंती, सकाळी सहाला मी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला चालायला जाते. एकटी असले की एखादा दिवस बुडतो. चौघीजणी असल्या की बुडत नाही. ज्यांना यायचे त्यांनी आपल्या मंडळाच्या पायरीशी पावणेसहाला उभे राहावे. घरच्यांना सांगून यावे, विचारून नव्हे.

मुलीने लिहिलेली ती वही मी अजून जपून ठेवली आहे. ती आता कॉलेजात जाते. परवा तिने मला रात्री उभ्याने भात खाताना पाहिले आणि काही न बोलता पाट मांडला. मी बसले.