गर्दी मोजायची कशी?



आजच्या अभ्यासवर्गात मला ‘आकडेवारी आणि नागरी हक्क’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा आहे, म्हणून मी एकच उदाहरण घेतो. रेल्वे स्टेशनचं. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण आज स्टेशनचा जिना चढूनच आले असतील.

मागे आम्ही काही जण मुंब्रा स्टेशनवरच्या सोयींबद्दल निवेदन घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. साहेबांनी चहा पाजला, निवेदन वाचलं आणि म्हणाले, “तुमच्यापेक्षा जास्त प्रवासी असलेली स्टेशनं आधीच रांगेत आहेत.” आमच्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन मी तक्ता करायला बसलो. ठाणे, कुर्ला, घाटकोपर, दादर, मुंब्रा, आणि हौसेने दिल्ली व टोकियोसुद्धा. तक्ता मोठ्या ऐटीत ग्रुपवर टाकला. दोन दिवसांनी माझ्याच लक्षात आलं की तो चुकलाय. आकडे खोटे नव्हते, पण प्रत्येक आकडा वेगळ्याच गोष्टीचा होता.

टोकियोपासून सुरू करू. शिंजुकू हे जगातलं सर्वांत गर्दीचं स्टेशन म्हणून गिनीज बुकात आहे. रोजचे कित्येक लाख प्रवासी. पण ही अनेक कंपन्यांची बेरीज आहे आणि तीत चढणारे-उतरणारे दोन्ही धरलेत. एका कंपनीच्या गाडीतून उतरून दुसरीच्या गाडीत बसणारा माणूस त्यात दोनदा येतो. तिथली सर्वांत मोठी रेल्वे कंपनी मात्र आपल्या स्टेशनांचे आकडे देताना फक्त चढणारे मोजते. भुयारी मेट्रो चढणारे-उतरणारे दोन्ही मोजते. एकाच शहरात, एकाच नावाच्या स्टेशनाचे असे दोन हिशेब. न्यूयॉर्कचा सबवे आत येणारेच मोजतो, लंडनची ट्यूब आत येणारे आणि बाहेर पडणारे दोन्ही सांगते. हे आकडे शेजारी-शेजारी ठेवले की लंडनचं स्टेशन आपोआप दुप्पट मोठं दिसायला लागतं.

दिल्लीत आणखी वेगळं. तिथे एका प्रवासात तुम्ही किती मार्गिका वापरल्या ते मोजतात. राजीव चौकात पिवळ्या मार्गिकेवरून निळीवर गेलात, की तुमच्या दोन फेऱ्या झाल्या. नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्ली मेट्रोचा एका दिवसाचा आकडा 78 लाखांवर गेला. मुंबईच्या लोकलचा रोजचा आकडा 75 लाखांच्या आसपास सांगितला जातो. म्हणून लगेच ‘दिल्लीने मुंबईला मागे टाकलं’ असं म्हणता येत नाही. दोन्हीकडे मोजल्या जातात त्या फेऱ्या, माणसं नव्हे. आणि फेरी कशाला म्हणायचं तेही दोन्हीकडे सारखं नाही.

आता घरी येऊ. मेट्रोला दार आहे. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो 2014 मध्ये सुरू झाली. आरे ते कफ परेड ही 33.5 किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण झाली. तिथे आत जाताना कार्ड किंवा तिकीट टेकवावं लागतं आणि बाहेर पडतानाही. त्यामुळे कोण कुठे शिरला, कुठे निघाला, किती वाजता, सगळं मशीनला कळतं. आपल्या लोकलला असं दार नाही. तिथे प्रवासी मोजायचं मुख्य साधन म्हणजे तिकीट आणि पास.

आता पास कसा मोजतात ते पाहा. मासिक पास म्हणजे महिन्याला 50 फेऱ्या असं रेल्वेच्या हिशेबात धरतात. 25 दिवस, जाऊन-येऊन. माझा पास मुंब्रा ते ऐरोलीचा आहे. मी आठवड्यातून तीनच दिवस ऑफिसला जातो, तरी हिशेबात माझ्या 50 फेऱ्या. माझ्या शेजारचे चाचा रविवारीही दुकान उघडतात, त्यांच्याही 50. आणि मी ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडतो, तेव्हा पूल चढतो, फलाट अडवतो, धक्के खातो आणि देतो. ठाण्याच्या तिकीट खिडकीला याचा पत्ता नसतो. दादरला मध्य आणि पश्चिम रेल्वेमध्ये बदल करणाऱ्यांचं हेच. दादरचा पूल ज्यांच्यामुळे भरतो, त्यातल्या कितीतरी जणांनी दादरचं तिकीट काढलेलंच नसतं.

आता एक गंभीर उदाहरण. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसं गेली. त्या भागात गिरण्या बंद पडून ऑफिसांचे टॉवर उभे राहिले. ऑफिसला येणारा माणूस पास घराजवळच्या स्टेशनवर काढतो. सकाळी तो एल्फिन्स्टनला उतरतो. म्हणजे पुलावर रेटारेटी करणारी गर्दी हिशेबात बोरिवलीची, विरारची, डोंबिवलीची. नुसत्या विक्रीचा तक्ता पाहून तो पूल किती भरतो हे कधीच कळलं नसतं.

हे नुसतं गणित नाही. 2017 पासून रेल्वेने उपनगरी स्टेशनांच्या तीन श्रेणी केल्या आहेत. वर्षाला अडीच कोटींपेक्षा जास्त जाणारे प्रवासी असतील तर पहिली श्रेणी, एक ते अडीच कोटी असतील तर दुसरी, त्याखाली तिसरी. अडीच कोटी म्हणजे रोजचे साधारण साडेअडुसष्ट हजार. कोणत्या स्टेशनला किमान काय सोयी मिळायच्या, ते या श्रेणीवर ठरतं. म्हणजे ‘जाणारा प्रवासी’ कोणाला म्हणायचं, यावर तुमच्या अम्मीला सरकता जिना मिळणार की नाही हे थोडंफार अवलंबून आहे.

मुंब्र्याचा आकडा कमी का दिसत असेल? मुंब्र्याला बहुतेक जलद गाड्या थांबत नाहीत. म्हणून घाईतला माणूस रिक्षाने ठाण्याला जातो आणि पासही ठाण्याचा काढतो. तो मुंब्र्यात राहतो, पण मोजला जातो ठाण्यात. थांबा नाही म्हणून आकडा कमी, आणि आकडा कमी म्हणून थांबा नाही. शिवाय सीट मिळावी म्हणून काही जण आधी उलट्या दिशेने जाऊन ‘रिटर्न’ येतात. ती जादा फेरी तर कोणत्याच हिशेबात नसते.

1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून कितीतरी कुटुंबं मुंब्र्याला आली. वस्ती वाढत गेली, सोयी मागे राहिल्या. त्यामुळे आपल्या तोंडी पटकन येतं, “आपण मुसलमान म्हणून.” मी असं म्हणत नाही की हे कधीच खरं नसतं. पण म्हणण्याआधी शेजारी बघा. दिव्याच्या प्रवाशांचे हाल आपल्याइतकेच होते. 2015 च्या जानेवारीत तिथे मोठं आंदोलन झालं आणि 2016 च्या अखेरीस जलद गाड्या थांबू लागल्या. कळव्याचे लोक आजही आपल्यासारखेच वाट बघतात. आणि 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारात लटकलेली माणसं पडली, काहींचा जीव गेला. त्या गाड्या कसारा-कर्जत मार्गांवरच्या होत्या. दिवा, कळवा आणि मुंब्रा यांची मागणी एकच आहे, ती एकत्रच मांडायला हवी.

सच्चर समितीचा अहवाल 2006 मध्ये आला. त्याआधीही आपल्या समाजाचं मागासलेपण सगळ्यांना दिसत होतं. पण लाडावल्याच्या आरोपाला उत्तर मिळालं ते आकड्यांनी. आपल्या चळवळीने हा धडा स्टेशनपर्यंत न्यावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

त्यासाठी दोन कामं. पहिलं, माहिती अधिकारात अर्ज. नुसता प्रवाशांचा आकडा मागू नका. खिडकीवरची तिकिटं, मोबाईलवरची तिकिटं आणि पास महिन्यानुसार वेगवेगळे मागा, आणि मोजणीची पद्धत काय तेही विचारा. दुसरं, आपण स्वतः मोजू. प्रत्येक जिन्यापाशी दोघं, एक चढणारे मोजेल, एक उतरणारे. सकाळी सात ते दहा, दर पंधरा मिनिटांची वेगळी ओळ. दिवस मंगळवार ते गुरुवार, कारण शुक्रवारी जुम्याच्या नमाजमुळे वेळा बदलतात. रमजानमध्ये इफ्तारच्या आधी संध्याकाळची गर्दी पुढे सरकते, म्हणून ती मोजणी वेगळी ठेवायची, साध्या दिवसांत मिसळायची नाही. आणि फलाटावर एक जण फक्त हे लिहील, की गाडी निघाली तेव्हा किती जण चढू न शकल्याने मागे राहिले. तिकिटांच्या हिशेबात हा आकडा येऊच शकत नाही. महिलांच्या डब्यापाशी हे काम आपल्या भगिनींनीच करावं.

आकडा आपल्या सोयीचा आला नाही तर? तरीही तो छापायचा. आज वाढवून सांगितलं, तर उद्या आपला खरा आकडाही कोणी ऐकणार नाही.

कागद आणि पेन्सिली मी आणल्या आहेत. बाहेर टेबलावर नावं द्या. पुढच्या मंगळवारी पावणेसात वाजता तिकीट खिडकीपाशी भेटू.